नेटवरून आलेलं गिऱ्हाईक

रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरताना बाई एका पायातली चप्पल काढून उंबऱ्यावर आडवी टाकायच्या. एकच. दुसरी पायातच. मागे दार आपोआप लागू नये म्हणून हा बंदोबस्त. गिऱ्हाईकाने विचारलंच तर म्हणायच्या, "वारा येतो, ऱ्हाऊ दे." बाहेर पान हलत नसलं तरी उत्तर हेच. मग एका चपलेवर त्या हॉलपासून बाथरूमपर्यंत लंगडत घर दाखवायच्या, आणि लोकांना वाटायचं, बाईंचा पाय दुखावलाय.

घरं दाखवणाऱ्या अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पनवेलमध्ये त्या वर्षांत ज्याला दुसरं काही जमत नव्हतं तो एजंट होत होता. पण बाईंना हे काम खरोखर जमायचं. त्या तळोज्याकडच्या गावातल्या. कुठल्या शेतावर कुठली इमारत उभी राहिली हे त्यांना तोंडपाठ. "हितं आमी वाल पेरायचो," असं त्या लिफ्टकडे बोट दाखवून सांगायच्या, आणि मुंबईहून आलेली माणसं उगीचच लिफ्टकडे आदराने बघायची.

माझं तेव्हा बाजारात नेट कॅफे होतं. सहा संगणक, काचेचा दरवाजा, एसी. बाई आल्या की दरवाजाला पाय लावून उभ्या राहणार आणि माझा एसी सगळा रस्ता थंड करणार. "ताई, दार लावा हो," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं. मी त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो.

नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तुमी कोनाकडून आलात?" उरणहून आखातातल्या मुलासाठी घर बघायला आलेले चाचा असोत की बँकेतले साहेब, कोणाचं तरी नाव सांगावं लागायचं. ते नाव ओळखीचं निघालं, की मगच पर्समधून किल्ली बाहेर यायची. पोलीसही इतकी चौकशी करत नसतील.

पण हळूहळू माणसं नाव घेऊन येईनाशी झाली. ती घरबसल्या नेटवर फोटो बघून थेट बिल्डरला फोन करू लागली. बाईंच्या किल्ल्या पर्समध्येच पडून राहू लागल्या. नवरा कारखान्यात शिफ्टला जायचा, पण त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं.

"ताई, तुम्ही नेटवर या," मी म्हटलं.

"नेटवरचा मानूस कोनाकडून आला असं समजायचं?"

"नेटकडून."

"म्हंजे कोनाकडूनच नाय," त्या म्हणाल्या.

मी हसलो होतो. ते हसणं आठवलं की आजही लाज वाटते.

मी स्वतःला या विषयातला मोठा जाणकार समजत होतो. एजंटने आपला चेहरा दाखवावा, चौकशीला लगेच उत्तर द्यावं, मालाचं वैशिष्ट्य पहिल्याच ओळीत सांगावं, असं कुठेकुठे वाचलं होतं. बाईंचा फोटो मीच काढला, दुकानाच्या भिंतीपुढे उभं करून. त्यांनी पदर चारदा सारखा केला आणि हसायच्या ऐवजी श्वास रोखून धरला. खाली त्यांचा मोबाइल नंबर टाकून घरांच्या जाहिरातींच्या एका साइटवर चढवला. तळोज्याच्या एका नव्या इमारतीतला, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट होता. पहिली ओळ मी लिहिली, "संपूर्ण कोरी इमारत, अजून कोणीही राहायला आलेलं नाही, पूर्ण एकांत."

दोन दिवसांनी त्यांनी ती जाहिरात माझ्याकडून वाचून घेतली. पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उतरला.

"हे काढ. तितं कोन नाय, ते जगाला कशाला सांगतो?"

"काढतो," मी म्हटलं.

काढली नाही. त्या ओळीमुळेच चौकशा येताहेत असं मला वाटत होतं. बाईमाणूस उगीच घाबरतं, असंही वाटत होतं. पुरुषाला ही भीती कळायला फार वेळ लागतो. मला एक सकाळ लागली.

तोवर आम्ही एक पद्धत पाडली होती. दार उघडण्याआधी त्या मला एक मिस्ड कॉल द्यायच्या, बाहेर पडल्यावर दुसरा. मधे सहसा अर्धा तास. त्या रविवारी कुणीतरी ईमेलवर वेळ मागितली होती, अकराची. "कुठल्यातरी कंपनीत आहे म्हणतो," मी सांगितलं. "म्हनायला काय जातंय," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

सव्वाअकराला पहिला मिस्ड कॉल आला. पावणेबारा झाले. बारा झाले. मी फोन लावला. पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला तर बंद.

गिऱ्हाइकांना उठवून मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. कळंबोलीला ट्रकांची रांग होती. त्या रांगेच्या कडेने जाताना माझ्या डोळ्यापुढे फक्त ती पहिली ओळ होती. पूर्ण एकांत. माझेच शब्द, शुद्धलेखनासकट बरोबर.

इमारतीखाली वॉचमनची खुर्ची रिकामी होती. लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. मी जिने चढत गेलो, आणि प्रत्येक मजल्यावर बंद दारंच दारं. कुठे कुकरची शिट्टी नाही, कुठे मूल रडत नाही. सहाव्या मजल्यावर पोचलो तर त्यांचं दार लागलेलं. बाहेर, भिंतीला टेकवून नीट ठेवलेली एक चप्पल.

दारावर थाप मारायला माझा हात उठेना. आतून उत्तर आलं नाही तर? शेवटी मारली.

बऱ्याच वेळाने दाराच्या अगदी जवळून आवाज आला, "कोन?"

"ताई, मी. नेटवाला."

"एकटाच हायस?"

"एकटाच."

तरीही कडी लगेच निघाली नाही. दार उघडलं तेव्हा बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. अंगावर इजा नव्हती. माझ्यामागे जिन्याकडे बघून त्यांनी मला आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली.

त्या माणसाने काही आरडाओरडा केला नव्हता. आधी सावकाश सगळं घर बघितलं. सभ्यपणे वाकून त्याने चप्पल उचलली, बाहेर ठेवली आणि दार लावलं. "वारा फार आहे, मॅडम." मग वेळ बघायला म्हणून त्यांच्या हातातला मोबाइल घेतला आणि खिशात घातला. त्यांच्याकडे बघत म्हणाला, "इमारतीत कोणीच नाही ना? जाहिरातीत वाचलं मी." आणि एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. माझा.

"मी बोलले, भाऊ हाय माझा. खाली पानी सोडायला गेलाय, वर येतोय," त्या सांगत होत्या. "तो हसला. फोन बंद केला. पन गेला, फोन घेऊनच." त्या पुढे म्हणाल्या, "गेला का जिन्यात उभा हाय, ते समजत नव्हतं. म्हनून कडी घातली."

आम्ही खाली उतरलो. प्रत्येक वळणावर मी आधी डोकावून बघत होतो. मीही तेवढाच घाबरलो होतो, हे सांगायला आता लाज कसली? वॉचमन जेवायला गेला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. दार धरून उभ्या राहिल्या.

"जाहिरातीतली ती वळ तू काढली व्हतीस ना?"

"काढली होती ताई. साइटवाल्यांकडून राहिली असेल."

त्यांनी धरलेलं दार सोडलं. "असंल," म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजारात उभं करून शिव्या घातल्या असत्या आणि परवा पुन्हा आल्या असत्या. पण त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. पोलिसात जाऊ म्हणून मी निरोप पाठवला, त्याचंही उत्तर आलं नाही.

काम त्यांनी सोडलं नव्हतं. सोडून चालणार नव्हतं. काही महिन्यांनी बाजारातल्या सिग्नलला त्या रिक्षात दिसल्या. शेजारी एक अनोळखी माणूस. मला दुसरं काही सुचलं नाही. मी स्कूटर त्या रिक्षामागे घातली. एका नव्या इमारतीपुढे ते दोघं उतरले आणि आत गेले. मी समोरच्या टपरीवर उभा राहून एकेक खिडकी बघत होतो. चहा हातातच निवला.

वीसेक मिनिटांनी दोघंही बाहेर आले. तो माणूस निघून गेला. बाई रस्ता ओलांडून सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हितं काय करतोस?"

"काम होतं जरा."

"खोटं बोलतोस," त्या म्हणाल्या. "तवापन खोटंच बोललास."

मी मान खाली घातली. मोठा ओरडा बसणार याची वाट बघत राहिलो. त्यांनी रिक्षाला हात केला, आत बसल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"उद्या चार वाजता. पळस्प्याला, नाक्यामागची पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला. ध्यानात ठेव."