जड फिल्टर

"भारी वाला दे दे इसको. खदान वाले हैं, पत्थर समझ के उठाते हैं."

स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक हे आपल्या नोकराला म्हणाला आणि काउंटरवरचे सगळे हसले. मी तिथंच उभी होते. माझ्या हातात ऑइल फिल्टर होता आणि मी तो तळहातावर खालीवर करून त्याचं वजन बघत होते. माझ्याशी तो मराठीत बोलायचा, म्हणून हे हिंदीत बोलला. जशी काही मला हिंदी येत नाही. बालाघाटात कुत्र्यालाही हिंदी येते.

मी गाडी चालवते. डिझेलची छोटी प्रवासी गाडी, आमच्या खदानीच्या भरवेलीहून बालाघाट शहरापर्यंत. सकाळी शाळेची पोरं, मग कोर्टात, बाजारात, स्टेशनवर जाणारी माणसं. नवरा गेला आणि स्टीअरिंग मी हातात घेतलं. घर त्या गाडीवर चालतं. ती बंद पडली तर चूल बंद.

त्या दिवशी मी भांडायलाच गेले होते. इंजिन खडखड वाजत होतं. ऑइलचा लाल दिवा विझत नव्हता. ऑइल मी वेळेवर बदललेलं, फिल्टर दर वेळी नवा, आणि दर वेळी याच दुकानातला. मालक शहरातल्या जुन्या नोकरदार घरचा. बाप साहेब, आजा साहेब. साहेबांच्या गाड्या आल्या की 'बैठिए, बैठिए', खुर्ची, चहा. मला नुसतं 'ए बाई'. माझी तक्रार त्यानं अर्धीही ऐकली नाही.

"गाडी चालवता येत नसन तुले. नवा फिल्टर टाक अन् जाय."

आणि मग नोकराला ते वाक्य. मग ते हसणं.

"काहून हसले?" मी विचारलं.

"अवं, तुमच्या लोकाइले वजन पाह्यजे, मी वजन देऊन राह्यलो. आत काय हाय त्याचं तुमाले काय कराचं?"

तुमच्या लोकाइले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि अंगाची आग झाली.

माझी आई खदानीत मँगनीज निवडायची. दगड उचलायचा, हातात तोलायचा. जड तो माल, हलका तो फेकायचा. काळे तर सगळेच दिसतात, डोळा फसतो. "हाताले इचार," आई म्हणायची. आमच्या वस्तीत कुलूप घेतलं, तवा घेतला, सायकलची चेन घेतली, तरी आधी हातात तोलतात. फिल्टरही तसाच. सगळे ड्रायव्हर दोन डबे दोन हातांत धरायचे आणि जड तो घ्यायचे. या माणसानं ते बघून ठेवलं होतं. साहेबांच्या गाड्यांसाठी वरच्या फळीवरचे फिल्टर. आमच्यासाठी खाली खोक्यात खास आणलेला जड माल. आम्ही तो स्वतःच्या हातानं निवडून न्यायचो आणि पाठीमागं हे लोक खिदळायचे. माझ्या आईच्या कष्टाच्या शहाणपणावर यांचा धंदा चालला होता.

"मंग आत काय हाय ते दाखव," मी म्हणाले. तोवर मी त्याला 'सेठजी' म्हणत होते. त्यानंतर एकदाही म्हटलं नाही.

"डबा शीलबंद असते बाई. उघडून कोण दाखवते?"

मी वरच्या फळीवरचा एक मागितला. तो म्हणाला, "त्याले हात लावू नको." मी दोन्हींचे पैसे काउंटरवर आपटले आणि दोन्ही फिल्टर उचलून बाहेर आले. बाहेर मिस्त्रीच्या टेबलावर शिकंजा होता, बाजूला लोखंड कापायची करवत. कुणाला विचारलं नाही. फिल्टर शिकंज्यात आवळला आणि कापायला लागले. हात भरून आले, ओढणी काळी झाली. माणसं जमली. मालक दारात येऊन म्हणाला, "देखो, पोस्टमार्टम चल रहा है." पुन्हा हसले सगळे. हसू दिलं.

फळीवरचा उघडला. आत कागदाच्या बारीक घड्या, एकीला एक लागून, भरगच्च. दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी, कुठं फट नाही. गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू नये म्हणून आत रबराची चकती.

मग आमचा कापला. तळाला जाडजूड लोखंडी चकती, सगळं वजन तिचंच. कागद नावापुरता, घड्या फाकलेल्या. टोकाला पत्रा नाही, पुठ्ठा. डिंक एका बाजूनं सुटलेला आणि तिथं बोट जाईल एवढी फट. म्हणजे ऑइल गाळलं जातच नव्हतं. कचरा घेऊन त्या फटीतून सरळ इंजिनात. माझ्या इंजिनात. पोरांनी भरलेल्या गाडीत.

मी ते दोन्ही त्याच्यापुढे धरले. त्याला वाटलं का काही? कशाला वाटेल.

"झालं समाधान? आता दुसऱ्या दुकानात जाय."

गर्दीत भरवेलीचाच एक म्हातारा ड्रायव्हर होता, आम्ही त्याला काका म्हणतो. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे न बाई. रोज याच्यापाशीच येनं हाय आपल्याले." त्या हसण्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

मी मालकाला म्हणाले, "माह्या मायचा हात चुकला नाही. दगडात लबाडी नसते. लबाडी तुह्या डब्यात हाय."

इंजिन खोलावंच लागलं. आतल्या बेअरिंगवर नखानं ओरबाडल्यासारखे चरे. गाडी पावसाळाभर विटांवर उभी राहिली आणि मी दुसऱ्याची गाडी चालवून घर ओढलं. त्यानं बाकीच्या दुकानांत सांगून ठेवलं, त्या बाईला माल देऊ नका. मी गोंदियाहून आणला.

पण स्टँडवर बोलणं थांबलं नाही. आधी दोघं-तिघं ड्रायव्हर माझ्या बाजूनं आले, मग बाकीचे. आता कोणताही नवा फिल्टर आला की आम्ही वर्गणीतून एक घेतो आणि स्टँडवर सगळ्यांसमोर कापतो. घड्या बघतो, टोप्या बघतो, डिंक नखानं उचकटून बघतो. परवा त्या मालकानं काकाजवळ निरोप धाडला, "बाईले म्हणा, राग थुंकून टाक. दुकान सगळ्यायचं हाय."

नाही थुंकणार. आम्हाला विकायचं असेल तर फळीवरचा आणि खोक्यातला, दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर कापून दाखवायचे. तोवर भरवेलीची एक गाडी त्याच्या दारात लागणार नाही. लागली, तर तिच्या आडवी मी उभी राहीन. मग ती गाडी काकाची का असेना.