गाभोळीची ट्राउट

मर्ल ट्रेलोरच्या एकाहत्तर वर्षांपैकी अठ्ठावीस शाळेची बस चालवण्यात गेली आणि बाकीची थोरल्या भावाशी, ॲल्बीशी, हुज्जत घालण्यात. दोघांनीही लग्न केलं नाही. गावात म्हणत, कोणाला वेळ होता? हिवाळ्यात गळांना धार लावायची, उन्हाळ्यात मासे धरायचे, आणि वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढायची.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, राणीच्या वाढदिवसाच्या सोमवारच्या सुट्टीला ट्राउट मासे धरायचा हंगाम संपतो. शहाणी माणसं त्या सोमवारी शेगडीजवळून हलत नाहीत. ही दोघं मात्र पन्नास वर्षं न चुकता वाटल नावाच्या ओढ्यात मांडीभर पाण्यात उभी असत. यंदा मर्ल एकटीच होती. लाकडाच्या गिरणीतल्या भुशाने ॲल्बीची फुफ्फुसं निकामी केली होती आणि तो नाकात नळी घालून इस्पितळात पडला होता. डॉक्टरीणबाई मर्लला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "सप्टेंबर काही दिसायचा नाही त्यांना." हंगाम सप्टेंबरात पुन्हा उघडतो. या गावात डॉक्टरही दिवस तसेच मोजतात.

आदल्या दिवशी ॲल्बीने फर्मान सोडलं होतं. "उद्या ट्राउट आण मला. लोण्यात परतलेली. रेडफिन मासा आणलास तर दारातूनच हाकलीन."

"दारापर्यंत चालवतंय का तुला?"

"नर्सला सांगेन. ती दांडगी आहे."

हसता हसता त्याला ढास लागली. ती थांबेपर्यंत मर्ल खिडकीबाहेर बघत राहिली. आयुष्यात त्याने तिला हजार हुकूम सोडले, पण स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. ही एक ट्राउट त्याला खायला घालायचीच, असं तिने तिथेच ठरवलं.

सोमवारी सकाळी ओढ्याकाठचं गवत गोठलेल्या दवाने पांढरंफेक होतं. गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता, तो मर्ल एकेक कडी तोंडात धरून वितळवत होती. दर चार-पाच फेकींनी पुन्हा तेच. पहिला मासा लागला तो रेडफिन. लाल परांचा, अंगावर पट्टे, पाठीवर काटे. दुसराही तोच. तिसराही. रेडफिन ट्राउटची पिल्लं फस्त करतो, म्हणून एकदा धरलेला रेडफिन परत पाण्यात सोडायचा नाही, हा इथला नियम. मर्लने प्रत्येकाच्या डोक्यात दांडका घातला आणि पिशवीत टाकला. तीन वाजेपर्यंत चार झाले. खायला उत्तम मासा, पण ॲल्बीला त्याचा जन्माचा तिटकारा.

ऊन डोंगराआड जायला आलं तेव्हा आडव्या पडलेल्या निलगिरीखाली दोरा ताणला गेला. हा रेडफिन नव्हता. मर्लच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, तरी ती त्या माशामागे खडकांवरून पन्नास पावलं धडपडत गेली. जाळीत आली तेव्हा बघितलं, कोपरापासून बोटांपर्यंत लांब तपकिरी ट्राउट, अशी गेल्या दहा वर्षांत लागली नव्हती. "मिळाली रे, ॲल्बी!" ती ओरडली.

मग तिने माशाला पोटाखालून धरलं, आणि दोन-तीन केशरी अंडी तिच्या तळव्यावर ओघळली.

गाभोळीची होती.

हंगामाच्या शेवटी अंडी घालायला वर चढणारी ट्राउट परत सोडायची, हाही नियमच, आणि तो ॲल्बीचा. बारा वर्षांची असताना मर्लने अशी एक कोटाखाली लपवून घरी नेली होती. पंचवीस वर्षांच्या ॲल्बीने ती तिच्याकडूनच प्लमच्या झाडाखाली पुरून घेतली आणि दोन दिवस तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. त्यानंतर तिने असा मासा ठेवला नव्हता.

"कोण बघतंय इथे?" ती मोठ्याने म्हणाली. दांडका हातात होता. मासा धापा टाकत होता. "मर मेल्या, तू आणि तुझे नियम!" असं तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली.

तिने मासा पाण्यात धरला. शेपटी हलली आणि तो गेला. काळोख पडून दोरा दिसेनासा होईपर्यंत ती गळ टाकत राहिली. काही लागलं नाही.

इस्पितळात ॲल्बी उशीला टेकून वाट पाहत बसला होता. केस विंचरलेले होते.

"कुठाय?"

"सोडली. गाभोळीची होती."

"वा! आपल्या गावात सुटलेला प्रत्येक मासा मोठाच असतो. केवढी होती?"

तिने हात पसरून दाखवले. त्याने ते दोन्ही बाजूंनी जवळ ढकलले. "एवढीच असेल."

मर्ल हसली नाही. तेव्हा त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खरंच लागली होती?"

"हो रे."

"आणायची होतीस गं."

"तूच शिकवलंस ना! दोन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी!"

"हो," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "पण मला खायची होती, मर्ल."

आज आपण आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, आणि ती त्याचंच ऐकून केली, हे तिला कळलं. ते आता कशानेही भरून निघणार नव्हतं. ती पिशवी घेऊन इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली, एक रेडफिन सोलला, लोण्यात परतला, काटे वेचून काढले आणि ताटली त्याच्यासमोर धरली. त्याने नर्सला हाक मारली नाही. दोन घास खाल्ले, तिसरा गिळवेना.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

पन्नास वर्षांत त्याने रेडफिनला चांगलं म्हटलं नव्हतं. मर्लने ताटली उचलली, खाली गाडीत जाऊन बसली आणि ढसाढसा रडली.