शिवराजरावांचं गवत

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान शेतकरी आहेत. नुसते शेतकरी नव्हेत, प्रगतशील शेतकरी. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि खाली नांगराचं चित्र आहे. त्या नांगराचं नि शिवराजरावांचं नातं त्या काचेपुरतंच. पिशोरची वडिलोपार्जित जमीन धोंडिबा नावाचा माणूस बटाईनं कसतो. शिवराजराव अधूनमधून तिथं जातात, फोटोपुरती पांढरी टोपी घालतात, बांधावर उभं राहून लांब कुठंतरी बघतात आणि ऊन वाढायच्या आत पडेगावच्या घरी परत येतात. उन्हानं त्यांचं डोकं दुखतं.

माझं छावणीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माप घ्यायची सवय हाताला आणि डोळ्याला लागलेली. शिवराजरावांचं माप मी बैठकीच्या दिवशीच घेतलं होतं. पण आमचे वडील म्हणाले, "पोरगं देखणं हाय, जमीन हाय, आजून काय पायजे?" देखणं होतं, हे मी नाकारत नाही. अजूनही आहेत. काहीच न केल्यावर माणूस टिकून राहतो.

लग्नानंतर त्यांनी मोरीत अळिंबी लावली. ती उगवली नाही, पण पाहुण्यांना वर्षभर अंघोळीला शेजारी जावं लागलं. मग ससे पाळले. सशांनी जाळीखालून बीळ काढलं आणि दौलताबादच्या रस्त्याकडे निघून गेले. मला तर त्या घरातले सगळ्यात शहाणे तेच वाटले. प्रत्येक धंद्याचं उद्घाटन व्हायचं, नारळ फुटायचा, स्टेटसला फोटो पडायचा. पुढं काय झालं ते विचारणारा माणूस शिवराजरावांना मत्सरी वाटायचा.

घर चालायचं सरितावर, म्हणजे माझ्या बहिणीवर. ती जवळच्या एका मिशनच्या शाळेत शिकवते. नोकरी हंगामी. एप्रिलमध्ये संपायची, जूनमध्ये पुन्हा जाऊन उभं राहायचं, आणि मधले दिवस देवाचं नाव घेत काढायचे. यंदा एक जागा कायम होणार होती. मुख्याध्यापिका सिस्टरनी सरिताला बोलावून सांगितलं, की ईस्टरच्या टोपल्यांचं काम या वेळी तुमच्याकडे, तुम्ही ते कसं पेलता ते मी बघणार आहे. मागच्या वर्षी टोपल्यांत रंगीत अंड्यांखाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत घातलं होतं. कार्यक्रमानंतर ते सगळं कुंपणाबाहेर उडालं आणि एका गायीनं खाल्लं. गाय वाचली, पण सिस्टरनी ठरवलं, आता प्लॅस्टिक नाही. गवत खरं हवं आणि शिक्षकांनी घरी उगवलेलं हवं.

सरितानं गच्चीवर हिरव्या जाळीखाली गहू पेरायचं ठरवलं होतं. ती हे जेवताना बोलली, ही तिची चूक.

"गवत?" शिवराजराव हसले. "अगं, शेतकऱ्याच्या घरात गवताचं टेन्शन? तू पेपर तपास. हे अपुन बघतो."

सरितानं मला फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं बाई, तू स्वतः कर." ती म्हणाली, "आक्का, पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी करतो म्हणालेत." नवऱ्यानं एवढं म्हटलं तरी बायकोला भरून येतं, आणि असली माणसं त्यावरच जगतात.

शिवराजरावांनी काय केलं ते ऐका. ते थेट आईकडे गेले. केसरबाई, म्हणजे सरिताची सासू, सत्तरीच्या पुढची. नवरात्रात त्या घरी घट बसवतात, आणि त्यांच्या घटाचं धान बघायला गल्लीतल्या बायका येतात, इतकं ते दाट नि उंच येतं. पण सुनेच्या शाळेसाठी, तेही ईस्टरसाठी, म्हातारी गुडघे दुखवून माती चाळणार नाही हे लेकाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आईला सांगितलं, "आई, सरिताची नोकरी पक्की व्हावी म्हणून म्या देवीला नवस बोललोय. देवघर भरून घट बसवायचे. तुझ्या हातानं."

म्हातारी विरघळली. मुलाला बायकोची काळजी आहे, देवाची आठवण आहे, आणखी काय हवं होतं तिला? तिनं धोंडिबाला निरोप धाडून पिशोरच्या रानातली काळी माती मागवली. चाळली. गहू भिजवले. पत्रावळीवर मातीचा थर, त्यात गहू, मधल्या पत्रावळीवर मडकं, नारळ, पुढं समई. देवघराला खिडकी नाही. दार लोटून घेतलेलं. रोज अनवाणी, ओल्या अंगानं पाणी शिंपडायचं. शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तर म्हातारी आपल्या अंघोळीचं पाणी वाचवायची. आणि उपास. दिवसभर चहा, रात्री मूठभर भगर. सुनेच्या नोकरीसाठी.

शिवराजराव काय करत होते? ते सोफ्यावर बसून 'नैसर्गिक गवत प्रकल्प' असं नाव तयार करत होते.

त्यात सरिताची पाळी आली. उन्हानं करपू नये म्हणून गवत देवघरात ठेवलंय एवढंच नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, आणि आता तिथं जायचं नाही. ती सकाळी सातला शाळेत, संध्याकाळी पेपरांच्या ढिगात. विचारलं, की नवरा मोबाइल पुढं धरायचा. हिरवंगार, ताठ, दवानं भिजलेलं गवत. "बघ, कसं तरारलंय." तो फोटो कुठल्यातरी परदेशी बाईच्या खिडकीतला होता हे आम्हाला नंतर कळलं. खिडकीबाहेर बर्फ होतं. पडेगावात! सरितानं बर्फाकडं पाहिलंच नाही, तिचं लक्ष गवताकडं होतं.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी शाळेत कार्यक्रम होता. बुधवारी दुपारी मी टोपल्यांच्या कडेला शिवायच्या पट्ट्या घेऊन पडेगावला गेले. बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या टोपल्या ओसरीत रचलेल्या होत्या. सरिता नुकतीच आली होती, आता न्हाऊन मोकळी झाली होती. म्हणाली, "चल आक्का, बघू तरी." आम्ही देवघराचं दार उघडलं.

गवत होतं. दाट, वीतभर उंच, एकही गहू वाया गेला नव्हता. आणि सगळं पिवळं. हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळंधमक. अंधारात वाढलेलं, एकमेकांच्या अंगावर रेललेलं. देवीच्या घटाला असंच लागतं. पिवळं आलं तर देवी पावली म्हणतात. केसरबाईंनी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं होतं, आणि उत्तम केलं होतं.

सरिता पुढं झाली. "अजून दोन दिवस आहेत. आत्ता उन्हात ठेवलं तर हिरवं होईल," असं म्हणत तिनं कडेची पत्रावळ उचलायला हात घातला.

"आगं, हात लावू नको!" केसरबाई मागून ओरडल्या. "बसलेला घट हालवत्यात का कधी? उठवायच्या आधी?"

"आई, घट कसले? हे शाळेचं गवत आहे. टोपल्यांत घालायचंय. वर अंडी ठेवायचीत."

ती बोलून गेली आणि तिलाच कळलं की काहीतरी भलतंच झालंय.

"अंडी?" म्हातारीनं दाराची चौकट धरली. "घटावर अंडी?"

मग दोघींनी एकमेकींना विचारत विचारत सगळं उलगडलं. तुला कोण म्हणालं नवस? मला म्हणाले गवत नुसतं सावलीला ठेवलंय. मला म्हणाला तुला म्हाईत हाय. मी मध्ये उभी राहून ऐकत होते. शिवराजरावांना फोन लावला. बंद. ते बिडकीनला कुणाचा तरी प्लॉट दाखवायला गेले होते. ज्या माणसाला स्वतःच्या घरातलं गवत दाखवता येत नाही तो दुसऱ्याचा प्लॉट दाखवत फिरत होता.

सरिता रडली नाही. देवघराच्या उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि म्हणाली, "आई, तुमचा घट मी मोडणार नाही. सिस्टरना सांगते, जमलं नाही म्हणून." त्या एका वाक्यात तिचं वर्ष गेलं होतं हे तिघींनाही कळत होतं. बाजारातून गवत आणावं तर तेही नाही. प्लॅस्टिकचं मिळतं, खरं कोण विकतंय?

केसरबाई बराच वेळ समईकडं बघत राहिल्या. देवीला काही विचारत होत्या की लेकाला मनात शिव्या घालत होत्या, कोण जाणे. मी दुसरं धरून चालले होते. मग त्या म्हणाल्या, "नवस त्याचा खोटा आसंल. उपास तर माझा खरा हाय ना?"

त्यांनी पुढं होऊन समईची वात सारखी केली.

"आन तो म्या कुणासाठी धरला? ह्या पोरीसाठी. मंग देवीला काय घट पायजे का पोरीचं बरं पायजे?" त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडं वळल्या. "रूपा, नारळ आण."

त्यांनी रीतसर घट उठवला. आरती केली, नारळ वाढवला, हात जोडून देवीची माफी मागितली, लेकाच्या वतीनंही. मधल्या पत्रावळीला, मडक्याच्या घटाला, त्यांनी हात लावू दिला नाही. "ह्यो देवीचा. बाकीचं आता गवत हाय, न्या."

आम्ही पत्रावळ्या गच्चीवर नेल्या. एप्रिलचं ऊन म्हणजे कोवळं पिवळं गवत तासाभरात करपवणार, म्हणून केसरबाईंनी आपलं जुनं लुगडं भिजवून दोरीवर ताणलं आणि त्याची सावली केली. सकाळ-संध्याकाळ उघडं ऊन, दुपारी लुगडं. मी दुकान बंद ठेवून तिथंच राहिले आणि रेललेलं गवत माझ्या कात्रीनं सारखं कापलं.

शिवराजराव त्या रात्री आले. आईला म्हणाले, "आई, ईस्टर म्हणजे पण देवाचाच कार्यक्रम, मग नवस खोटा कसा?" लगेच वळून बायकोला म्हणाले, "तुझ्यासाठीच तर केलं सगळं." आई भगर ढवळत राहिल्या, सरितानं ताट वाढलं. मी मात्र म्हटलं, "शिवराजराव, त्या फोटोत बर्फ होतं." ते म्हणाले, "आक्का, तुम्ही लई निगेटिव्ह विचार करता," आणि जेवायला बसले. दोन वेळा भाजी मागून घेतली. त्यांचा राग येण्याच्या पलीकडं मी गेलेय. पायपुसण्यालाही घरात काही काम असतं.

शनिवारपर्यंत गवत हिरवं झालं. शेंडे गडद, बुडाशी अजून थोडी पिवळी झाक. आम्ही मातीसकट पत्रावळ्या टोपल्यांत बसवल्या. अंडी माझ्या घरी उकडली, रंगवली आणि शाळेतच वर ठेवली, म्हातारीच्या डोळ्यांआड. संध्याकाळी सरिता परत आली ती चालत नव्हती, धावत होती. सिस्टरनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जूनपासून तुम्ही कायम.

शिवराजरावांनी ही बातमी ऐकली आणि आत जाऊन टोपी घालून आले. मला आधी कळेना, टोपी कशाला. मग केसरबाई देवघरातून बाहेर आल्या. हातात देवीच्या घटाचं राखून ठेवलेलं पिवळं धान होतं. घट उठला की धानाचा तुरा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या टोपीत खोचतात. यजमानांना ते नेमकं आठवत होतं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, "आक्का, एक फोटो काढा," म्हणाले, आणि आईपुढं मान वाकवली.

केसरबाई त्यांच्या बाजूनं पुढं गेल्या आणि सगळं धान सरिताच्या अंबाड्यात खोचलं. सरिता त्यांच्या पाया पडली.

"आई, मला?" शिवराजराव म्हणाले.

"तू काय पेरलंस?" म्हातारीनं विचारलं, आणि सुनेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. उपास सोडायचा होता.

शिवराजरावांची मान अजून वाकलेलीच होती. मग मी बघतेय हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी टोपी काढली, झटकली आणि धूळ लागल्यासारखी बराच वेळ पुसत राहिले.