सेकंदाला तीस चित्रे

तळहाताएवढ्या यंत्रात एक अख्खे युद्ध बसवायला सांगितले, तर आपण आधी काय टाकून द्याल? कोथरूडच्या आमच्या कचेरीत हा प्रश्न आठ महिने रोज विचारला जाई. किस्से शोधावे लागत नसत. सकाळी दार उघडले की साचलेलेच असत.

युद्धाचा हा खेळ मूळचा मोठ्या संगणकाचा; तो हातातल्या यंत्रावर बसवायचे काम आमचे. परदेशी कंपनीची अट एकच: तिथेही सेकंदाला तीस चित्रे दिसली पाहिजेत, म्हणजे हालचाल सलग वाटते. नाहीतर काम परत, आणि आमच्या बारा जणांच्या कंपनीला कुलूप. मी तपासनीस, खेळ खेळून त्यातल्या चुका काढणारा. मंदार मुख्य प्रोग्रामर. हुशार, पण उतावळा.

*

पहिला बळी झाडांचा. आमच्या चित्रकार गौरीने महिनाभर खपून जंगल रंगवले होते. मंदारने निम्मी पाने उडवली आणि म्हणाला, "पानगळ आहे असं समज."

गौरी म्हणाली, "आणि सैनिकांच्या ढाली काढल्यास त्या? त्यांना काय, वैराग्य आलंय?"

*

पुढच्या लढाईतले दूरचे डोंगर यंत्राला पेलेनात, म्हणून मंदारने ते धुक्याने झाकले. आमचे मालक पाटणकर साहेब पाहायला आले. पडद्यावर वाकून त्यांनी विचारले, "ही लढाई वाळवंटातली ना? मग हे महाबळेश्वर कुठून आलं?"

*

मंदारच्या टेबलावर खेळ सुरळीत चाले, माझ्या हातात अडखळे. चार दिवस वाद झाला. मग ध्यानात आले: त्याचे यंत्र थेट एसीच्या झोताखाली असे. हातात धरले की ते तापे आणि मंदावे.

"काका, तुमचे हातच गरम आहेत," तो म्हणाला.

"मग खोक्यावर तसे छापा. फक्त थंड हाताच्या माणसांसाठी."

*

मुदत अंगावर आली. मी पूजा आटोपून कचेरीत येतो, हे मंदारला ठाऊक होते. "काका, देवाकडे तीस मागा. सव्वीसच्या वर जात नाहीये."

"देवाकडे बुद्धी मागतात. तुमच्यासाठी मागून झाली आहे."

*

परदेशी कंपनीच्या बाई तपासणीला यायच्या आदल्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यातला, सेकंदाची चित्रे मोजणारा आकडा तीसवर गेला. टाळ्या झाल्या. मी यंत्र हातात घेतले. आकडा तीस, डोळ्यांना मात्र अडखळ दिसे. वीस मिनिटांनी खेळ पार गोठला. सैनिकाचा पाय हवेतच राहिला. आकडा तीसच.

मंदारला बाजूला घेतले. तो खाली पाहत म्हणाला, "बारा घरं आहेत, काका. आकडा एक दिवस खोटा बोलला तर काय बिघडलं?"

"आकडा बोलत नाही. तुम्ही बोललात."

मी साहेबांना सांगितले, साहेबांनी बाईंना. बाईंनी दोन महिने वाढवून दिले. अट एवढीच, की खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांत मंदारचे नाव नसेल. त्याने मान्य केले, आणि त्या दोन महिन्यांत, तापल्या हातातही, खरे तीस आणून दाखवले.

*

खेळ बाजारात आला. मंदारच्या आईने आम्हा सर्वांना बिबवेवाडीला जेवायला बोलावले. पाने उचलली गेली आणि त्या म्हणाल्या, "ज्याच्यापायी इतके महिने घरी धड जेवला नाहीस, त्यातलं तुझं नाव तरी दाखव."

मंदारने खेळाचा शेवट लावला. नावे वर सरकू लागली. साहेबांचे, गौरीचे, माझेही. आई चष्मा सावरून पुढे झुकल्या. नावे संपली.

"फार भराभर गेली रे. तुझं बघायचं राहिलं. परत लाव."

मंदारने परत लावले.