एका वर्षाची पदवी

हुडाकांच्या रोझॅनला घाई करताना कुणी पाहिलं नव्हतं. चर्चच्या तळघरात शुक्रवारी बायका पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला बसत, तेव्हा इतरांच्या चार होईपर्यंत हिची एक व्हायची. आयुष्यात तिने एकदाच घाई केली, ती वडिलांसाठी, आणि तेही त्यांना न सांगता.

तिचे वडील एमिल सव्वीस वर्षं पोलाद कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर होते. १९९६ च्या एप्रिलमध्ये फुप्फुसांच्या डॉक्टरांनी रोझॅनला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन वर्षं धरून चला. जमलं तर थोडं जास्त."

रोझॅन चोवीस वर्षांची होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. पण कॉलेजात असताना आई गेली आणि त्या वर्षी रसायनशास्त्रात तिला दोनदा 'सी' मिळाला. तेवढ्यावरून एकाही मेडिकल स्कूलने तिला मुलाखतीला बोलावलं नव्हतं. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी वाट दाखवली होती, आधी जीवशास्त्रात मास्टर्स कर, तिथे नीट गुण मिळव, मग पुन्हा अर्ज कर. त्यात दोन प्रकार होते. प्रबंध लिहिला तर अडीच वर्षं. प्रबंध न लिहिता नुसते विषय घेऊन परीक्षा दिल्या तर एक.

मेडिकलच्या पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांना घरच्या माणसांसमोर पांढरा कोट चढवतात. रोझॅनने बोटांवर मोजलं. एक वर्ष पदवीचं, एक वर्ष अर्जाचं. म्हणजे अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट. बाबा पहिल्या रांगेत बसू शकतील, अगदी काठावर.

ऑस्ट्रँडर सरांना तिने हे कारण सांगितलं नाही. सर नदीतल्या शिंपल्यांचा अभ्यास करत. आदल्या उन्हाळ्यात रोझॅन त्यांच्याबरोबर मांडीभर पाण्यात उभी राहून शिंपले मोजत होती.

"दोन उन्हाळे दे मला," सर म्हणाले. "त्यात तुझा प्रबंध होतो. तुझ्यासारखे हात मी वीस वर्षांत पाहिले नाहीत. एक शिंपला तू दोनदा मोजला नाहीस, गं."

"मला लवकर संपवायचंय, सर."

"कशाला? पेशंट काय पळून जाणार आहेत?"

रोझॅन हसली आणि एका वर्षाच्या पदवीपुढे खूण करून आली. सर दुखावले. त्यांनी तो उन्हाळा दुसऱ्या मुलाला दिला. घरी वडिलांना रोझॅनने सरांचं बोलणं तेवढं सांगितलं, घाईचं कारण नाही.

वर्षभर ती संध्याकाळच्या वर्गांना गेली. एकेका वर्गात साठ जण. प्राध्यापक शिकवून निघून जायचे, परीक्षेचे पेपर त्यांचे मदतनीस तपासायचे. दहाही विषयांत रोझॅनला 'ए' मिळाला. एमिलनी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. बहीण थेक्ला आली की तिला फ्रिजपाशी उभं करायचे.

"वाच."

"वाचलाय रे परवाच."

"मग आज परत वाच. चष्मा लाव."

चूक कळली ती अर्ज भरताना. अर्जाबरोबर विज्ञानाच्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागत, आणि तीही विद्यार्थ्याला जवळून ओळखणाऱ्यांची. पेशींचा विषय शिकवणाऱ्या बाईंकडे रोझॅन गेली.

बाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "तू खिडकीपाशी बसायचीस का?"

"नाही, मागच्या दाराजवळ."

"तुला 'ए' मिळाला एवढं मी लिहीन. पण खोटं कसं लिहू, बाळ? मी तुला ओळखतच नाही."

दुसरे सरही असंच म्हणाले. दहा वर्ग झाले आणि तिला ओळखणारा एकही माणूस तिथे नव्हता. ऑस्ट्रँडर सरांकडे जायला तिची लाज आड येत होती. ती गेली ती पहिल्या फेरीत सगळीकडून नकार आल्यावर. सरांनी एका शब्दानेही टोचलं नाही. त्याच दुपारी पत्र लिहून दिलं. पण एका उन्हाळ्याच्या ओळखीवर किती लिहिणार? त्या पत्रावर दुसऱ्या फेरीत एका ठिकाणी मुलाखत झाली.

"प्रबंध का नाही केलात?" मुलाखतीला बसलेल्या गृहस्थांनी विचारलं. "अवघड वाटला?"

"वेळ नव्हता," रोझॅन म्हणाली. वडिलांचं मरण त्या टेबलावर ठेवायला तिला कसंसंच झालं. तिला प्रतीक्षा यादीत टाकलं, आणि यादी काही हलली नाही.

एव्हाना ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इस्पितळात रक्त तपासायच्या कामावर लागली होती. कोट होता, पांढराच, पण तो खुंटीवरून आपला आपणच घालायचा असे. आणि एमिल? अठ्ठ्याण्णव गेलं, नव्व्याण्णव गेलं. नाकात ऑक्सिजनची नळी घालून एमिल घरापुढच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या पार्किंगला नावं ठेवत होते. थेक्ला म्हणायची, "हा हुडाक हट्टाने जिवंत आहे."

२००१ च्या शरद ऋतूत डॉक्टरांनी एमिलना तपासलं आणि कौतुकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मला खोटं पाडलंत बुवा! शहाण्णव साली मी तुमच्या मुलीला दोनच वर्षं सांगितली होती."

दोघं गाडीने घरी आली. स्वयंपाकघरात बसल्यावर एमिलनी विचारलं, "शहाण्णवच्या कुठल्या महिन्यात?"

"जाऊ दे ना, बाबा."

"महिना विचारतोय मी."

"एप्रिल."

"आणि ते शिंपलेवाले सर तुला प्रबंध कर म्हणून कधी म्हणाले होते?"

रोझॅनने सूपाखालचा गॅस बारीक केला. "मे महिन्यात."

एमिलनी डावा हात टेबलावर पसरला आणि उजव्या हाताने एकेक बोट दुमडायला लागले. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, प्रबंध संपला. नव्व्याण्णव, अर्ज. चौथ्या बोटापाशी ते थांबले. "दोन हजारचा ऑगस्ट," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचा. मी तेव्हा काय करत होतो?"

"काही नाही. पीच खात होतात ओट्यावर."

"पीच खात होतो," एमिल म्हणाले. त्यांचा श्वास चढला. तिने ऑक्सिजन वाढवला तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. "मला विचारायचंस तरी! मी म्हटलं असतं, दोन उन्हाळे घे, चार घे. मी मेलो तर मेलो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"मूर्ख पोरी." ते रडत होते, आणि नळीमुळे त्यांना नाक पुसता येत नव्हतं. रोझॅनने नळी सोडवली, नाक पुसलं, पुन्हा लावली. "वेळेवर मेलो असतो तर निदान तुझा हिशेब चुकला नसता."

"असं बोलायचं नाही."

त्या दिवसानंतर ते रोज म्हणत, "अजून एकदा फॉर्म भर, मी थांबतो." पण आता त्यांना एकटं सोडून जाता येण्यासारखं नव्हतं, आणि मेडिकल स्कूल चार तासांवर होतं. ती "भरीन" म्हणायची. फ्रिजवरचा कागद एमिलनी एक दिवस स्वतःच काढून खणात ठेवला.

२००३ च्या फेब्रुवारीत एमिल गेले, सकाळी, दाढी करून घेताना. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं. बायका भांडी विसळत होत्या. थेक्लाने रोझॅनला कोपऱ्यात ओढलं.

"आता तू मोकळी आहेस. एकतीस म्हणजे काही वय नाही. भर फॉर्म. बाबालाही तेच हवं होतं."

"आत्या, कोट घालताना समोर कोण बसेल?"

"मी बसेन की! मी काय मेले?"

रोझॅनने आत्याच्या ओल्या हातांवर आपला हात ठेवला. आत्या मनापासून बोलत होती आणि खरंच बसली असती, हे तिला ठाऊक होतं. "बसशील गं," ती म्हणाली. मग तिने अडकवलेला टॉवेल घेतला आणि थाळ्या पुसायला लागली, एकेक, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

फॉर्म तिने भरला नाही. सोमवारी सहाला ती कामावर हजर होती.