गाय बसली

आमच्या कोठ्यात शिरताना पाहुणे दाराशी चपला काढू लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ढोरांच्या कोठ्यात जाताना माणूस पँट वर खोचतो, चपला काढत नाही. पण मला वाटलं, हा आदर आहे. आणि आदर मिळाला की विचार करणं थांबवायचं, ही माझी जुनी खोड.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून अर्ध्या तासावर. घरी दोन गाई. एक गावरान, ती वासरापुरतं दूध देते आणि बाकीच्यांना शिंगं दाखवते. दुसरी जर्सी, अंगानं थोराड आणि स्वभावानं आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा गरीब. ती तेव्हा सहा महिन्यांची गाभण होती.

अकोल्याला दूध उत्पादकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, त्याला मी गेलो. सकाळी स्वच्छ दुधाबद्दल सांगितलं. कोठा कोरडा हवा, शेण-मूत वाहून जायला हवं, जमीन धुता यायला हवी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग जेवणात जिलेबी निघाली. दुपारच्या सत्रालाही मी हजर होतो, म्हणजे खुर्चीत होतो. शेजारच्यानं दोनदा ढोसलं म्हणे. दुपारचा विषय होता ‘गाईचा आराम’. त्याचं प्रात्यक्षिक मीच करून दाखवलं म्हणायचं.

परत येताना अमरावतीला साळ्याकडे थांबलो. त्याचं घर नुकतंच बांधून झालं होतं आणि उरलेल्या टाइल्सच्या पेट्या जिन्याखाली पडून होत्या. पांढऱ्याशुभ्र, चेहरा दिसेल अशा. “घेऊन जा भाऊजी, अडगळच आहे,” तो म्हणाला. मी गाडीत भरून आणल्या. बायकोला वाटलं, स्वयंपाकघरासाठी आणल्या. आठवड्याभरात मिस्त्रीनं त्या कोठ्यात बसवल्या.

“अजी,” बायको म्हणाली, “माह्या ओट्यापुढं खड्डा अन् गाईले आरशाची जमीन! पुढच्या जन्मी गायच होईन मी.”

“तू बोलून तरी राहिली,” मी म्हणालो. “ते बिचारी बोलत नाही.”

हे म्हणायला नको होतं. त्या दिवशीच्या भाजीत मीठ नव्हतं.

गावरान गाईनं नव्या जमिनीवर एक खूर ठेवला, वास घेतला आणि मागं सरली. ओढली, ढकलली, सरकीच्या ढेपेचं आमिष दाखवलं. नाही म्हणजे नाही. शेवटी तिला बाहेर कडुलिंबाखाली बांधली. मागासलेली आहे, असा मी निर्णय दिला. जर्सी मात्र बिचारी, सांगितलं तशी आत गेली आणि गव्हाणीपुढं उभी राहिली.

आणि उभीच राहिली.

मी लोकांना बोलावून दाखवत होतो. “पाहा, अंगावर शेणाचा डाग नाही. आधी मांड्या कशा बरबटलेल्या असायच्या!” लोक चपला काढून आत येत, माना डोलवत. एकानं तर मोबाइलवर फोटो काढला. फोटोत गाय आणि मी दोघंही ताठ उभे आहोत. फरक एवढाच की मी हसतो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको दूध काढून आली. बादली ओट्यावर ठेवली.

“अजी, तुमी म्हणता डाग नाही. डाग कावून नाही, सांगा बरं?”

“जमीन स्वच्छ आहे म्हणून.”

“बसतच नाही ते, म्हणून. अंग जमिनीले लागलंच नाही तिचं. रवंथबी करून नाही राहिली. दूध पाहा, केवढं उतरलं.”

मी जाऊन पाहिलं. मागचे पाय सुजले होते. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती, मग दुसऱ्यावरचा पहिल्यावर, लग्नाच्या रांगेत आहेर घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीसारखी. डोळे अर्धे मिटत होते, मान खाली जात होती, आणि गुडघा वाकू लागला की दचकून ती पुन्हा सरळ होत होती. शिस्तीची म्हणून मी जिचं कौतुक केलं, ती गाय उभ्या उभ्या झोपेला आली होती.

ढोरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते मूळचे पातूरकडचे, बोलणं सरळसोट. आले, दारात थांबले, टाइल्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी चपला काढल्या नाहीत. गाईचे खूर, पाय, पोट सगळं तपासलं आणि म्हणाले, “भाऊ, खाली बसा बरं. असे गुडघे टेकून, ढोरावानी. आता गाय उठते तसं उठून दाखवा.”

“म्हणजे?”

“इतके वर्षं गाई पाळून राहिले, गाय कशी उठते ते पाहिलं नाही? पयले ढुंगण वर, मंग पुढचे पाय. हाव, करा.”

मी केलं. गुडघे टेकलेले, हात टेकलेले, मागचा भाग वर. जोर देऊन उठायला गेलो, तर धुतलेल्या टाइल्सवर पाय एक इकडे, एक तिकडे. हनुवटी थेट गव्हाणीच्या काठावर. गाईनं मान वळवून पाहिलं. बायको पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

“समजलं?” डॉक्टर म्हणाले. “बसायले भेत नाही ते. उठायले भेते. एकदा घसरली असंल, तेव्हापासून हिंमत नाही. पण किती वेळ उभी राहीन? थकून पडली तर या जमिनीवर उठणार नाही. मंग गायबी जाईन अन् पोटातलंबी. गोळी देऊ कशाची? बिमारी तुमच्या फरशीले आहे.”

हनुवटी चोळत मी लोखंडी सब्बल आणली. त्याच सकाळी फोडायला सुरुवात केली. स्वतः बसवून घेतलेली वस्तू स्वतः फोडण्यात एक वेगळंच समाधान असतं. ते बायकोला माझ्यापेक्षा जास्त मिळत होतं. ती तुकडे घमेल्यात भरत होती आणि प्रत्येक घमेल्यागणिक “सांभाळून बरं, महागाची आहे” म्हणत होती. दुपारपर्यंत मुरूम पसरून धुम्मसानं ठोकून बसवला, त्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, वाळल्या भुशाचा, हातभर थर अंथरला. गाईला आत आणलं.

ती बसली नाही. तिनं कुटार हुंगलं, थोडं खाल्लं, पाय आपटून पाहिला. माझ्यावर तिनं लगेच विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नव्हतं. आम्ही दोघं दारात बसून राहिलो. उन्हं कलली. अखेर तिनं एक गुडघा वाकवला, थांबली, दुसरा वाकवला, आणि धप्पकन आवाज करून सगळं अंग जमिनीवर टाकलं. केवढा मोठा श्वास सोडला तिनं! जरा वेळानं जबडा हलू लागला.

तेवढ्यात दूध गोळा करणाऱ्या गड्याचा हॉर्न वाजला. बायको लगबगीनं बाहेर गेली. “भाऊ, आज थांबा. गाय बसली.”

आमच्याकडे ‘गाय बसली’ याचा अर्थ एकच होतो: गाय पडली, आता ती उठत नाही. गड्यानं कॅन तिथंच टाकले. “धावा रे!” तो पानठेल्याकडं ओरडला. “भाऊची जर्सी बसली!” पाच-सहा जण दोर, बांबू आणि रिकामी पोती घेऊन कोठ्यात घुसले.

गाय दचकली. एका झटक्यात मागचा भाग वर, मग पुढचा एक पाय, मग दुसरा. खूर मुरुमात रुतले. जराही न घसरता उभी राहिली.

“उठली की हो!” गडी म्हणाला.

“तुमीच उठवली!” बायको कडाडली. “तीन दिवसांनी बसली होती बिचारी. निंगा बाहेर!”

 मी फक्त खुरांकडे पाहत होतो. गाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, जागच्या जागी एक फेरी मारली, आणि दोर-बांबू घेतलेल्या त्या माणसांपुढंच पुन्हा गुडघे वाकवले.

“मंग दूध?” गड्यानं हळूच विचारलं.

“बसा तिकडं,” बायको म्हणाली. “चहा ठेवतो. ते उठंल तवा उठंल.”

सगळे बांबू बाजूला ठेवून कोठ्याबाहेर उकिडवे बसले. कुणी मोठ्यानं बोललं नाही.