हळदीला आलेले परक्या गावचे देव

पेणच्या एस.टी. स्थानकावर माघातल्या एका सकाळी मी यसुआत्यासह रोह्याच्या गाडीत चढलो, तेव्हा प्रवासाचा हेतू मंगल होता आणि माझे मन शांत होते. यांपैकी हेतू शेवटपर्यंत टिकला.

वाचकांस माझी ओळख असावी म्हणून नमूद करतो. मी पेणच्या कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे व हरकती लिहून देतो. शाळा नववीत सुटली; परंतु भाषा सुटली नाही. माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या चुकीसाठी परत आला, असे पेणमध्ये कोणी सांगणार नाही. यसुआत्या ही माझ्या वडिलांची बहीण, वय सत्तरीपुढे, आणि आमच्या समाजातील धवलारीण. (धवला म्हणजे लग्नघरी देवांना व पूर्वजांना नाव घेऊन बोलावणारे गाणे, आणि ते गाणारी ती धवलारीण. ती ओळ सांगते, मागून इतर बायका तीच ओळ उचलतात.) रोह्यापलीकडे कुंडलिकेच्या काठी माझा चुलतभाऊ बाळाराम राहतो. त्याची मुलगी मनाली, तिची हळद होती. गावाचे नाव संबंधितांची अब्रू लक्षात घेऊन देत नाही.

त्या घरातील प्रत्येक हळदीचा धवला आत्यानेच गायलेला. परंतु गेल्या पावसाळ्यातील खोकल्यापासून तिचा गळा वरच्या जागी अडकू लागला होता. आमंत्रण आल्यापासून ती ज्येष्ठमधाची काडी चघळत होती. स्थानकावर मी तिची पिशवी हातात घेतली तेव्हा ती म्हणाली, "मनालीची हलद माज्या गल्यानं पार पडली म्हंजे झालं. मंग गला ऱ्हावो नायतर जावो."

वडखळला गाडीत एक गृहस्थ चढले. त्यांच्या हातात तुपाच्या डब्याएवढा एक ब्लूटूथ स्पीकर होता. बसण्यापूर्वीच त्यांनी तो खिशातील मोबाइलशी जोडला आणि सर्व प्रवाशांच्या वतीने गाणे लावले. त्यांना हा अधिकार कोणी दिला, हे मी विचारले. ते म्हणाले, "काका, फुकट ऐकायला मिलतंय, ऐका की." गाणे संपते न संपते तोच एक बाई कर्ज घेण्याविषयी बोलू लागली, मग पुन्हा गाणे, मग पुन्हा तीच बाई. कंडक्टरने एकदा मागे वळून हात हलवला. तो आवाज कमी करण्याविषयी होता की सुट्ट्या पैशांविषयी, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. नागोठण्यापर्यंत महामार्गाच्या धुळीत व खड्ड्यांत आम्ही तो छळ सोसला. अंबा नदीच्या पुलावर कंपनीच्या शिफ्टची माणसे उतरली, तरी डबा उतरला नाही.

पुढे भिसे खिंडीत गाडी वळणे घेऊ लागली आणि मोबाइलची रेंज गेली. गाणे शब्दाच्या मध्येच तुटले. त्यानंतर जे ऐकू आले ते गाडीचे कण्हणे आणि खिडकीबाहेर सागाच्या वाळल्या पानांची सळसळ. उतारावर पांगारा फुलला होता. त्या शांततेत आत्या तोंडातल्या तोंडात सूर लावून पाहत होती. वरच्या जागी आवाज चिरकला. तिने पुन्हा लावला. पुन्हा चिरकला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण तिला साक्षीदार नको होता.

रोह्याहून रिक्षाने आम्ही घरी पोहोचलो. मी पेणचे पोह्यांचे पापड नेले होते, ते बाळारामच्या पत्नीने, सुगंधाने, आनंदाने घेतले. दुपारचे जेवण निर्दोष होते. वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. रोह्याकडच्या वालाला जो गोडवा आहे तो आमच्या बाजूस नाही, हे पेणकर असूनही मान्य करतो.

जेवून मांडवात आलो आणि माझे डोके फिरले. मुख्य खांबापाशी ज्या जागी धवलारणीचा पाट मांडतात, त्या जागी खुर्ची होती. खुर्चीवर स्पीकर होता, बसमधल्यापेक्षा थोरला, दोन्ही कडांनी निळे दिवे उघडझाप करणारा. त्याला हळदकुंकू लावलेले होते.

सुगंधा आत्याजवळ आली. आवाजात माया होती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. म्हणाली, "आत्या, तुमचा गला बरा नाय ना. म्हनून प्रणितनं मोबाइलवरचा धवला काढलाय. तुमी आपल्या बसा, पोरीला आशीर्वाद द्या." प्रणित हा तिचा थोरला मुलगा, नागोठण्याच्या कंपनीत कामाला.

आत्या म्हणाली, "बरं केलंस गो." तिने तोंडातली ज्येष्ठमधाची काडी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि बायकांच्या मागच्या रांगेत जाऊन बसली.

एवढ्या वर्षांच्या मानकऱ्याला पूर्वसूचना न देता, बाजू न ऐकता काढून टाकणे हे कोणत्या न्यायात बसते? मी हे बाळारामला विचारले. तो मंडपवाल्याशी बोलत होता; म्हणाला, बायकांचे काम आहे, आपण पडू नये.

मनालीला पाटावर बसवले. प्रणितने मोबाइलवर बोट टेकवले. स्पीकरमधून ढोलकी निघाली, मग पेटी, मग एका बाईचा आवाज. आवाज खणखणीत होता. कोठे अडकला नाही, कोठे चिरकला नाही. सुगंधाने पहिली हळद मनालीच्या उजव्या गालाला लावली. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मागून ओळ कोणीच उचलत नव्हते. बाईच्या मागे उचलणाऱ्या बायकाही स्पीकरमध्येच होत्या. मांडवातल्या एकीने शेजारणीला मोबाइलवर साडी दाखवायला घेतली, दुसरी गॅसची टाकी मिळत नाही म्हणून सांगत होती. धवला चालू होता आणि मांडवात कोणाला काही काम उरले नव्हते.

आणि मग त्या बाईने मांडवाच्या मालकाचे नाव घेतले. नाव होते हसुराम.

माझा धंदाच नावांचा आहे. अर्जात अर्जदाराचे नाव चुकले तर बाकीचा मजकूर कितीही सुंदर असो, तो अर्ज भलत्याच माणसाचा होतो. मी कान टवकारले. पूर्वजांत गोमा आला, पोशा आला. आमच्या कुळात या नावाचे कोणी होऊन गेले नाही. शेवटी तिने गावदेवीला बोलावले, तीही खाडीपलीकडच्या कुठल्याशा गावची. बाळाराम स्वतः तेथे उभा राहून ताल धरल्यासारखी मान हलवत होता.

मी उभा राहिलो. उभे राहून बोलल्यास बोलण्यास वजन येते, हा कचेरीतील अनुभव. मी हरकत घेतली. या मांडवाचा मालक हसुराम नसून बाळाराम आहे आणि येथे परक्या गावचे देव बोलावले जात आहेत, हे मी मोठ्याने सांगितले.

प्रणित म्हणाला, "काका, सगल्यात जास्त वाजतो हा धवला. सगल्यांच्या हलदीत लावतात. कुनी तक्रार नाय केली."

"तक्रार करणारा आज आला आहे," मी म्हणालो.

त्याने हसत गाणे थांबवले. तेव्हा शेजारची जाईबाय, आत्याच्याच वयाची, तिने विचारले की मग आपल्या गावदेवीला अजून बोलावणेच गेले नाही की काय. यावर कोणी हसले नाही. पाटावर बसलेल्या मनालीने गालाला हात लावला, बोटाकडे पाहिले आणि सुगंधाला म्हणाली, "आई, मंग मला हलद कुनाच्या नावानं लागली?"

सुगंधाचा चेहरा उतरला. अशा वेळी निर्णय देण्याची जबाबदारी शिकलेल्या माणसावर येते. मी सांगितले की झालेली कारवाई मुळापासून रद्द समजावी, मुलीचा गाल धुवावा आणि सर्व विधी पहिल्यापासून करावा.

तोंडातून शब्द गेला आणि सगळ्या बायका माझ्यावर उलटल्या. नवरीची लागलेली हळद धुवायची? असले अभद्र मांडवात बोलतात का? जाईबायने विचारले की या पेणच्या साहेबांना कोणी जेवायला वाढले नाही का. सुगंधा पदर डोळ्यांना लावून रडू लागली. माझा सल्ला कायद्याच्या दृष्टीने अचूक होता. परंतु तो मांडण्याची ती जागा नव्हती, एवढे मी मान्य करतो.

तेव्हा मागच्या रांगेतून आत्या उठली.

"धुवायचं नाय नि काय नाय," ती म्हणाली. "परक्याचं देव आयलं, तर आयलं. दारी आयलेल्याला जा म्हनायची आपली रीत हाय का? पाट मांडा गो. इडा ठेवा."

प्रणितने न सांगता स्पीकर उचलून आत नेला. खुर्ची गेली, पाट आला. पाहुण्या देवांसाठी दुसरा पाट मांडला, त्यावर पानसुपारी ठेवली. आत्या खांबापाशी बसली आणि तिने धवला सुरू केला. पण आधी आमच्या देवांना हाक घातली नाही. हसुरामच्या देवांनाच ती गाऊन म्हणाली की लांबून खाडी उतरून आलात, दमला असाल, बसा, विडा घ्या, आमच्या लेकीच्या गालाला तुमच्या नावाची हळद लागली तिला आशीर्वाद द्या, आणि मग आपल्या यजमानाकडे सावकाश जा. गोमा आणि पोशा यांनाही तिने पाणी विचारले. असा धवला पूर्वी कोणी गायला नसेल, कारण अशी चूक पूर्वी कोणी केली नसेल. बायका एकेक ओळ उचलू लागल्या. मोबाइल पदराआड गेले.

मग तिने बाळारामचे नाव घेतले. आमच्या आजोबांचे घेतले, माझ्या वडिलांचेही घेतले. मनालीच्या डाव्या गालाला हळद लागली. शेवटी गावदेवीची ओळ आली आणि तेथे, ज्या जागेला ती खिंडीपासून भीत होती त्याच जागी, आवाज तुटला. तोंड उघडे होते, शब्द नव्हता. मी डोळे मिटले.

अर्धी ओळ सुगंधाने उचलली. या घरच्या हळदींत आत्याच्या मागून उचललेली ती ओळ तिला येत होती. रडून बसलेल्या गळ्याने ती एकटी वरपर्यंत गेली, आणि तिच्यामागून सगळा मांडव गेला. आत्याने फक्त हात वर धरला होता.

दुसऱ्या दिवशी लग्न यथासांग पार पडले. आम्ही निघताना सुगंधाने प्रणितचा मोबाइल आत्यापुढे धरला. म्हणाली, एकदा यात गाऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आत्याचा आवाज पुरता बसला होता. ती घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "गाईन गो. पन नावं कुनाची घेऊ?" सुगंधाने मोबाइल खाली घेतला.

माझा संताप अद्याप शमलेला नाही, आणि तो शमावा असे मला वाटतही नाही. स्पीकरमधल्या त्या बाईवर माझा राग नाही. तिने हसुरामच्या मांडवात हसुरामचे नाव घेतले, ती चुकली नाही. एका घरचे बोलावणे उचलून साऱ्या जिल्ह्याच्या मांडवांत ज्यांनी सोडले, आणि ज्यांनी ते न ऐकता लावले, त्यांच्याविरुद्ध माझी हरकत आहे. ती कोणत्या कचेरीत दाखल करावी, हे मात्र इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही मला सांगता येत नाही.

रिक्षात बसता बसता जाईबाय धावत आली. चैत्रात तिच्या नातवाची हळद आहे, आत्यानेच यायचे. गळ्याचे काय, असे आत्याने खुणेने विचारले. "अर्धी ओल तू सांग, अर्धी आमी बगतो," जाईबाय म्हणाली आणि रिक्षा धरून उभी राहून तिने तिच्या घरच्या पूर्वजांची नावे सांगितली.

रोह्याहून गाडी सुटली. मी खिशातून कागद काढला, पण आत्याने माझा हात धरला. नावे ती तोंडानेच पाठ करते. मात्र तोंडातून आवाज निघेना. ती माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा मीच एकेक नाव मोठ्याने म्हणू लागलो. धोंडू. राघो. नामा. ती ओठ हलवून माझ्यामागून म्हणे आणि मान डोलावी. पुढे एका आजीचे नाव माझ्याकडून चुकले. आत्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली, आणि मी पुन्हा धोंडूपासून सुरुवात केली.